फॉर्ममध्ये नसलेला रकाना

राष्ट्रीयीकृत बँकेच्या नोकरीत माझी शेवटची चौदा वर्षं सातारा जिल्ह्यातल्या शाखांमध्ये, कर्जविभागात गेली. दरवर्षी जुलै ते ऑक्टोबर टेबलासमोर शैक्षणिक कर्जाच्या फायली साचायच्या. दहावी-बारावीचे गुणपत्रक, प्रवेशाचं पत्र, कॉलेजचा फी-तक्ता, वडिलांचा उत्पन्नाचा दाखला, आधार, पॅन, सातबारा, जामीनदाराची सही. एक कागद कमी असला तरी फाईल परत जायची. पण या कोर्सला या कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या मुलाला महिन्याला किती पगार मिळतो, हे विचारणारा रकाना आमच्या फॉर्ममध्ये कुठेच नव्हता. ज्या एका गोष्टीवर कर्जाची फेड अवलंबून, तेवढीच आम्ही कधी विचारली नाही.

ही उणीव सगळ्यात जास्त बोचते ती डॉक्टर आणि नर्स सोडून उरलेल्या आरोग्यशिक्षणात. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, ऑप्टोमेट्री, लॅब टेक्नॉलॉजी, रेडिओलॉजी. मी इथे फिजिओथेरपीबद्दलच लिहिणार आहे, कारण माझ्या टेबलावर तिच्याच फायली सर्वांत जास्त आल्या. एम.बी.बी.एस.चं कर्ज मोठं असलं तरी पुढे काय मिळतं याचा अंदाज घराला असतो. इंजिनिअरिंगच्या पगाराची चर्चा चहाच्या टपरीवरही होते. फिजिओथेरपीबद्दल मात्र आईवडिलांना एवढंच माहीत असतं, की ‘मेडिकल लाईन’ आहे, मुलगी हॉस्पिटलात जाईल, नावामागे डॉक्टर लागेल.

आधी हिशेब मांडतो. आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या हातातल्या फी-तक्त्याप्रमाणे ते बदलून घ्यावेत.

खाजगी कॉलेज, फी आणि राहण्याखाण्याचं मिळून दरवर्षी 1,75,000 रुपयांचं कर्ज, चार वर्षांत 7 लाख. व्याजदर 10 टक्के. कोर्स साडेचार वर्षांचा, म्हणजे चार वर्षं शिक्षण आणि सहा महिने इंटर्नशिप. हप्ता सुरू होतो कोर्स संपल्यावर एका वर्षाने. तोवर बँक सरळ व्याज लावते. पहिल्या वर्षी उचललेल्या रकमेवर साडेपाच वर्षांचं व्याज, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर साडेचार, मग साडेतीन, मग अडीच. बेरीज केली तर व्याज 2,80,000 होतं. मुलीने पहिला हप्ता भरण्याआधीच 7 लाखांचे 9 लाख 80 हजार झालेले असतात. ते दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याला सुमारे 12,950 रुपये. पंधरा वर्षं घेतली तर हप्ता साडेदहा हजारांवर येतो, पण एकूण भरणा जवळपास 19 लाख होतो.

यात आणखी एक बदल येतोय. फिजिओथेरपीसारख्या अभ्यासक्रमांचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय सहबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाने 2025 मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप पूर्ण एक वर्षाची केली आहे, म्हणजे पदवी पाच वर्षांची झाली. शिक्षणाच्या दृष्टीने ते चांगलंच आहे. रुग्णाला हात लावायला शिकायचं तर सहा महिने अपुरे पडतात. पण वरच्या उदाहरणात ते वाढीव सहा महिने 35,000 रुपयांचं जादा व्याज चढवतात आणि सहा महिन्यांचा पगार पुढे ढकलतात. कित्येक खाजगी कॉलेजांत इंटर्नला विद्यावेतन मिळत नाही, मिळालं तरी बसभाड्यापुरतं. म्हणजे ती मुलगी वर्षभर कॉलेजच्याच ओपीडीत पेशंट बघणार आणि त्या वर्षाचं व्याज तिच्याच नावावर चढणार.

आता दुसरी बाजू, मिळकतीची. तालुक्याच्या गावात, अगदी पुण्याच्या उपनगरातही, नव्या फिजिओथेरपिस्टला क्लिनिकमध्ये 15 ते 20 हजारांवर उभं करतात, हे मी कर्जदारांच्या पासबुकांवरून सांगतो. आणि ‘उभं करतात’ हा शब्द मी जाणून वापरलाय. सकाळी नऊ ते एक आणि संध्याकाळी चार ते साडेआठ अशी दोन तुकड्यांत नोकरी. मधल्या तीन तासांत घरी जाऊन येण्याइतका वेळही नसतो आणि पैसाही. पगार बऱ्याचदा रोख, पगारपत्रक नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. याउलट केंद्र सरकारच्या रुग्णालयात हेच पद वेतनस्तर 6 मध्ये येतं, मूळ वेतन 35,400 आणि वर भत्ते. काम तेच, शिक्षण तेच. पण अशा जागा मोजक्या आणि त्यांची जाहिरात कधी निघेल याचा नेम नाही.

पगार इतका कमी का, याचं उत्तर फक्त क्लिनिकमालकाच्या वृत्तीत शोधू नये. तालुक्याच्या गावात एका बैठकीचे 300 रुपये. नव्या मुलीकडे दिवसाला सहा पेशंट आले तर महिन्याला 45,000 रुपये जमा होतात. त्यातून गाळ्याचं भाडं, वीज, मशिनचे हप्ते, स्वागतकक्षातली बाई. उरलं त्यातून पगार. आणि ते 300 रुपये पेशंटच्या खिशातून जातात. आरोग्यविम्याच्या साध्या पॉलिसीत गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया बसते, पण त्यानंतर दोन महिने रोज क्लिनिकला जाऊन करायचा व्यायाम सहसा बसत नाही. दहा दिवस पेशंट येतो, पंधराव्या दिवशी सून म्हणते, ‘आता घरीच करतील.’ गुडघा अर्धाच वाकतो आणि मुलीची बैठकही जाते. जोवर या कामाचे पैसे विमा आणि सरकारी योजना मोजत नाहीत, तोवर पदवीची फी एका बाजारात ठरणार आणि तिची किंमत दुसऱ्याच बाजारात.

2016 मध्ये मी मंजूर केलेल्या एका कर्जाबद्दल सांगतो. वडील एसटीत चालक, मुलगी बारावीला चांगले गुण मिळवलेली, गावातली पहिलीच या कोर्सला निघालेली. फाईल नीटनेटकी होती. मी सही केली तेव्हा मला आनंद झाला होता, आजही आठवतो. 2022 मध्ये वडील हप्त्याची नोटीस घेऊन शाखेत आले. हप्ता 9,400, मुलीचा पगार 14,000. ती पुण्यात एका खोलीत तिघींबरोबर राहत होती. वडिलांनी खाकी शर्टाच्या खिशातून नोटीस काढली, चार घड्या उलगडून टेबलावर सपाट केली आणि म्हणाले, ‘साहेब, पोरगी नापास नाही झाली हो कशात.’ त्यांना वाटत होतं, हप्ता भरता येत नाही म्हणजे मुलीचंच काहीतरी चुकलं असणार आणि मी तिला दोष देईन. त्या वाक्याला मला उत्तर देता आलं नाही.

पुढे काय केलं तेही सांगतो, कारण ते कित्येक घरांना माहीत नसतं. शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत, म्हणजे बँकांसाठी आखलेल्या नमुना योजनेत, नोकरी नसेल किंवा मिळकत अपुरी असेल तर कर्जाच्या आयुष्यात दोन-तीन वेळा काही महिन्यांची सवलत देण्याची तरतूद आहे. हप्ता सुरुवातीला लहान आणि पुढे वाढत जाणारा ठेवण्याचीही मुभा आहे. मागितल्याशिवाय हे कुणी देत नाही. मुदत पंधरा वर्षांपर्यंत वाढवता येते. आम्ही ती वाढवली, सहा महिन्यांची सवलत दिली. खातं बुडीत जाण्यापासून वाचलं, वडिलांचा सिबिल स्कोअरही वाचला. ते सहकर्जदार होते. पण व्याज चढत राहिलं. त्या मुलीच्या डोक्यावरचा बोजा आम्ही हलका केला नाही, फक्त लांबवला.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं, की पहिल्या पगारावर पदवीची किंमत ठरवू नये. फिजिओथेरपिस्टची मिळकत अनुभवाने वाढते, स्वतःचं क्लिनिक टाकलं की चित्र बदलतं, यूकेत नोंदणी मिळवून किंवा अमेरिकेत फिजिओथेरपीच्या परवान्यासाठी लागणारी एनपीटीई परीक्षा देऊन परदेशी गेलेल्यांची उदाहरणं प्रत्येक कॉलेजच्या माहितीपत्रकात असतात. हे सगळं खरं आहे. पण हप्ता अनुभवाची वाट बघत नाही. तो नेमका त्या पहिल्या तीन-चार वर्षांत येतो, जेव्हा मिळकत सगळ्यात कमी असते. क्लिनिक टाकायला पुन्हा भांडवल लागतं, आणि ज्याच्या नावावर आधीच 9 लाख 80 हजार आहेत त्याला दुसरं कर्ज सहज मिळत नाही. परदेशात जायचं तर परीक्षा, पदवीचं मूल्यांकन, व्हिसा, तिकीट, सगळीकडे आधी पैसे. म्हणजे ज्या वाटेने मिळकत वाढायची तीच वाट कर्जाने अडते. जिच्या घरी गाळा आहे, मामा ऑर्थोपेडिक सर्जन आहे, तिला ही पदवी फळते. एसटीचालकाच्या मुलीला तीच पदवी तेवढ्याच फीत मिळते आणि फळायला दहा वर्षं जास्त लागतात.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो: आरोग्याच्या कामाला पैशात तोलू नये. चार वर्षांपूर्वी आमच्या आक्काला पक्षाघात झाला. उजवा हात गेला, बोलणं अडखळू लागलं. तीन महिने एक मुलगी स्कूटीवरून यायची. पिशवीतून दोन वाट्या काढायची, एकीत हरभरे घालायची आणि आक्काला ते एक-एक करून दुसऱ्या वाटीत टाकायला लावायची. पहिल्या आठवड्यात एकही उचलला गेला नाही. आक्का रडायची, ती मुलगी तिचा हात हातात धरून ठेवायची, बोट-बोट उघडून द्यायची. चाळिसाव्या दिवसाच्या आसपास पाच हरभरे गेले. दिवाळीला आक्काने करंजीची कड दुमडली, वेडीवाकडी. या कामाची किंमत काय, असं कुणी मला विचारलं तर मी हिशेब मांडू शकणार नाही. पण म्हणूनच मला म्हणायचंय: ज्या समाजाला आपल्या आक्काचा हात परत हवा आहे, त्याने त्या मुलीला घरभेटीचे 400 रुपये देऊन वर कर्जाच्या नोटिसा पाठवू नयेत. कामाच्या पवित्रतेचं नाव घेऊन कमी पगार झाकणं थांबलं पाहिजे.

2025 च्या सप्टेंबरमध्ये फिजिओथेरपिस्टनी नावाआधी ‘डॉ.’ लावावं की नाही यावर केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने एक पत्र काढलं, दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतलं. त्या दोन दिवसांत माझ्या ओळखीच्या सगळ्या ग्रुपवर जोरात वाद झाले. उपाधीचा प्रश्न लहान आहे असं मी म्हणत नाही. मान हाही मोबदलाच असतो. पण उपाधीसाठी जेवढे आवाज उठले तेवढे पगारासाठी कधी उठले नाहीत, याचं मला वाईट वाटलं.

आता कर्ज देणाऱ्या व्यवस्थेकडे वळतो, कारण ती मी आतून बघितली आहे. शैक्षणिक कर्जात 4 लाखांपर्यंत तारण नाही, 7.5 लाखांपर्यंत सरकारी पतहमी योजनेचा आधार (कर्ज थकलं तर बँकेला सरकारची हमी), त्यावर गेलं की घर किंवा जमीन तारण. म्हणून बहुतेक अर्ज साडेसात लाखांच्या आसपास येऊन थांबतात. ती मर्यादा इंजिनिअरला तीच, फिजिओथेरपिस्टला तीच, लॅब टेक्निशियनला तीच. म्हणजे किती कर्ज झेपेल हे पुढच्या मिळकतीवरून ठरत नाही, बँकेला विनातारण किती देता येतं यावरून ठरतं. आणि कॉलेजांनाही हा आकडा पाठ असतो. चार वर्षांची फी आणि वसतिगृह मिळून त्या मर्यादेच्या जवळ येणं हा योगायोग आहे असं मला फायली बघताना कधी वाटलं नाही.

सवलती आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. महाराष्ट्र सरकारने 2024-25 पासून, 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास (एसईबीसी) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षणशुल्कात 100 टक्के सवलत दिली आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्ती आधीपासून आहे. वार्षिक उत्पन्न 4.5 लाखांच्या आत असेल आणि संस्था निकषात बसत असेल तर कोर्सच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याजसवलत आहे, पण ती देशातल्या ठरावीक मानांकित संस्थांपुरती, सुरुवातीला अशा 860 होत्या. जिल्ह्याच्या ठिकाणचं छोटं फिजिओथेरपी कॉलेज त्या यादीत सहसा सापडत नाही.

मुलींच्या शुल्कमाफीची मेख एकच आहे: प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत, म्हणजे गुणानुक्रमाने जागा वाटणाऱ्या फेरीतून झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की माफी गेली. मी अशी घरं पाहिली आहेत, ज्यांनी मुलगी लांब जायला नको म्हणून फेरीत मिळालेली नांदेडकडची जागा सोडली आणि जवळच्या कॉलेजात कोट्यातून पैसे भरले. मुलगी घराजवळ राहिली, पण सहा लाखांचं कर्ज त्या एका निर्णयाने झालं. ‘मुलगी लांब नको’ या वाक्याला व्याज लागतं, हे कुणीतरी त्या घराला फॉर्म भरतानाच सांगायला हवं होतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं: मुलांनी फिजिओथेरपीला जाऊ नये असं नाही. त्यांनी डोळे उघडे ठेवून जावं, आणि डोळे उघडे ठेवायला लागणारी माहिती त्यांना देणं कायद्याने बंधनकारक असावं. प्रत्येक कॉलेजने प्रवेशाआधी जाहीर करावं, की तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या तुकडीपैकी किती जण याच व्यवसायात आहेत, त्यांचा मधला पगार किती, कोणत्या भागात, आणि इंटर्नशिपला विद्यावेतन किती. सगळ्यांत जास्त पगाराचा फोटो नको; रांगेत मधोमध उभ्या असलेल्या मुलीचा पगार हवा. अमेरिकेत केंद्र सरकारचं कॉलेज स्कोअरकार्ड नावाचं संकेतस्थळ आहे. तिथे कॉलेज आणि कोर्सनुसार पुढची मिळकत आणि डोक्यावरचं कर्ज शेजारी-शेजारी दिसतं. 2025 च्या जुलैमध्ये तिथे झालेल्या कायद्याने तर ज्या पदवीचे विद्यार्थी केवळ शाळा शिकलेल्यांपेक्षाही कमी कमावतात, तिचं सरकारी कर्ज बंद करण्याची तरतूद केली. इतक्या टोकाला आपण जावं असं मला वाटत नाही. आपल्याकडे तसं केलं तर गडचिरोलीत, नंदुरबारला काम करणाऱ्यांना घडवणारी कॉलेजंच आधी बंद पडतील, कारण तिथे पगार कमी आहेत. पण माहिती जाहीर करण्याने कुणाचं काही बिघडत नाही.

हे करता येण्यासारखं आहे. ज्या 2021 च्या कायद्याने वर सांगितलेला आयोग नेमला, त्याप्रमाणे या व्यवसायांची राज्य आणि केंद्र पातळीवर नोंदवही ठेवायचीच आहे. नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी काम कुठे, मिळकत किती, कर्ज किती शिल्लक, असे तीन प्रश्न विचारले तर पाच वर्षांत महाराष्ट्राचं पूर्ण चित्र समोर येईल. डॉक्टरांच्या बाबतीत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कॉलेजांना विद्यावेतनाची माहिती संकेतस्थळावर टाकायला सांगितलंच आहे. तोच नियम फिजिओथेरपीला लावायला काय अडचण आहे? आणि शुल्क नियामक प्राधिकरण फी मंजूर करताना कॉलेजचा खर्च तपासतं. त्या पदवीने मिळणाऱ्या पगाराकडेही एकदा बघावं.

तोवर घरांनी काय करावं, याचं उत्तर मी ओळखीच्यांना असं देतो. सुरुवातीच्या पगाराच्या पाचव्या भागापेक्षा हप्ता मोठा होत असेल तर कर्जाची रक्कम कमी करा किंवा जागा बदला. कोर्स चालू असताना जमेल तसं व्याज भरत राहा. महिन्याला हजार-दोन हजार भरले तरी 2,80,000 चा डोंगर बराच खाली येतो. आणि कॉलेजच्या प्रवेशकक्षात बसून निर्णय घेऊ नका. त्या कॉलेजातून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या तिघींचे नंबर मिळवा, फोन करा.

या जूनमध्ये शेजारचे पाटील त्यांच्या धाकट्या मुलीच्या प्रवेशासाठी माझ्याकडे आले. दोन कॉलेजांची माहितीपत्रकं, गुळगुळीत कागदाची. मी तीच गोष्ट सांगितली. त्यांनी ओसरीवर बसूनच फोन लावले. पहिलीने लग्नानंतर काम सोडलं होतं. दुसरीने पगार सांगितला, मग जरा थांबून म्हणाली की घरी सांगू नका, घरच्यांना जास्त सांगितलाय. तिसऱ्या मुलीने फोन उचलला तेव्हा मागून कुणाचा तरी कण्हण्याचा आवाज येत होता. ती म्हणाली, “काका, साडेसातनंतर करता का? आजींना उभं केलंय, हात सोडता येत नाहीये.”